कॉलिन चॅपमन : वजनाचा हिशेब ठेवणारा माणूस

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

आपल्या अंकाच्या मराठी विभागात चरित्रलेख येतात ते बहुधा संतांचे, समाजसुधारकांचे, नाहीतर देशभक्तांचे. कन्नड विभागाचीही रीत तीच. त्या पंगतीत एका इंग्रज मोटार-कारखानदाराचे पान मांडताना मला थोडा संकोच वाटतो. शिवाय मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. यंत्रांशी माझा संबंध खर्चाच्या वहीपुरता. पण त्या वहीमुळेच मी या माणसापर्यंत पोचलो, म्हणून सुरुवात तेथूनच करतो.

माझा चुलतभाऊ उद्यमबागेतल्या एका लहानशा वर्कशॉपात लेथवर काम करतो. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. दोन वर्षांपूर्वी त्याने आणि त्याच्या तीन मित्रांनी भंगारातली एक जुनी जीप घेतली, तिचे छप्पर आणि दारे काढली आणि मूळ इंजिनाच्या जागी दुसऱ्या गाडीचे दुप्पट ताकदीचे इंजिन बसवले. पावसाळा संपल्यावर माळावर एकेक गाडी सोडून वेळ मोजण्याची शर्यत व्हायची होती, तीत उतरायचे ठरले होते. पैसे चौघांचे, त्यांतले काही पतपेढीच्या कर्जाचे; हिशेब माझ्याकडे. शर्यतीच्या दिवशी सरळ वाटेवर गाडीने असा आवाज केला की बघणारे दोन पावले मागे सरले. पहिल्याच वळणावर दादाने स्टिअरिंग फिरवले, पण गाडी वळलीच नाही. ती नाकासमोर चालत राहिली आणि मातीच्या बांधावर चढून आडवी झाली. दादाचे मनगट मोडले, जीव वाचला. त्या रात्री मी वही उघडली. निम्म्याहून अधिक पैसा इंजिनावर गेला होता. टायर आणि ब्रेक यांच्या नावावर जवळजवळ काहीच नव्हते. वही रोज माझ्याच हातात होती, पण ही गोष्ट मला प्रथम दिसली ती त्या रात्री.

यंदा त्यांना पुन्हा गाडी बांधायची आहे. दादाचे मत असे की इंजिन कमी पडले, आणखी मोठे हवे. काकूंचे मत असे की गाडीच नको. माझे मत कोणी विचारले नाही, कारण मी कॉमर्सवाला. तेव्हा आमच्या ओळखीच्या पदार्थविज्ञानाच्या एका सरांनी मला सांगितले की, इंग्लंडमध्ये कॉलिन चॅपमन नावाचा माणूस होऊन गेला. अश्वशक्ती मोठी की वजन कमी, या एका प्रश्नावर त्याने सारे आयुष्य खर्च केले. आधी त्याचे चरित्र वाच आणि मग दादाशी वाद घाल. ते मी वाचले. प्रस्तुत लेख त्या वाचनाचे फळ आहे.

अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमन याचा जन्म १९ मे १९२८ रोजी लंडनलगतच्या रिचमंड येथे झाला. त्याचे वडील उत्तर लंडनच्या हॉर्न्सी भागात रेल्वे हॉटेल चालवीत. घरची स्थिती खाऊनपिऊन बरी, पण श्रीमंती नव्हती. महायुद्ध संपता संपता तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग शिकू लागला. म्हणजे मोटारींचे नव्हे. पूल, छपरे आणि इमारतींचे सांगाडे यांचे शास्त्र. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली. त्याच काळात विद्यापीठाच्या वैमानिक पथकात तो विमान चालवायलाही शिकला.

अभ्यासाबरोबर त्याचा एक जोडधंदाही होता. एका मित्राच्या भागीदारीत तो जुन्या मोटारी विकत घेई, डागडुजी करी आणि नफ्यावर विकी. कॉलेजात असताना व्यापार करणारे विद्यार्थी आपल्याकडेही आहेत, त्यांनी पुढचा भाग नीट वाचावा. १९४७ साली इंग्रज सरकारने खाजगी मोटारींना मिळणारा पेट्रोलचा मूळ शिधा बंद केला. पेट्रोलच नाही तर मोटार कोण घेणार? बाजार कोसळला. साठवलेल्या गाड्या मिळेल त्या भावाने काढाव्या लागल्या आणि जमवलेला नफा गेला. शेवटी एकच गाडी उरली, ती कोणी घेईना : एक ऑस्टिन सेव्हन. लहानशी, जुनी, चार सिलिंडरांचे नाजूक इंजिन असलेली.

न खपलेला माल पडून राहिला की व्यापारी हताश होतो. चॅपमनने त्याच मालाला हात घातला. हेझल विल्यम्स या त्याच्या मैत्रिणीच्या वडिलांच्या घरामागे एक गॅरेज होते. तेथे त्याने ऑस्टिनचे जुने अंग उतरवले आणि प्लायवुड व ॲल्युमिनियमचा पत्रा यांचे नवे हलके अंग चढवले. ही गाडी १९४८ मध्ये तयार झाली. पुढे तिला लोटस मार्क एक म्हणू लागले. लोटस म्हणजे कमळ. कन्नड विभागातले मित्र तिला तावरे म्हणतील. इंग्रज माणसाने आपल्या मोटारीला हे नाव का दिले, याच्या नाना कथा आहेत; त्याने स्वतः मात्र हे गुपित कधी उघड केले नाही.

परीक्षेची गोष्टही सांगण्याजोगी आहे. १९४८ साली तो पदवीविनाच कॉलेजातून बाहेर पडला. गणिताचा पेपर राहिला होता. तो पुन्हा देऊन १९४९ मध्ये त्याने पदवी घेतली. काही काळ तो हवाई दलात राहिला आणि मग ब्रिटिश ॲल्युमिनियम कंपनीत नोकरीला लागला. बांधकामात ॲल्युमिनियम कसे वापरता येईल, हे तेथील कामाचे क्षेत्र. कॉलेजात सांगाड्याचे शास्त्र आणि नोकरीत हलक्या धातूचे व्यवहारज्ञान, अशी दोन्ही शिदोरी त्याला मिळाली. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी मोटारी.

त्या वेळी इंग्लंडमध्ये ७५० मोटर क्लब नावाची संस्था ऑस्टिन सेव्हनवर बांधलेल्या गाड्यांच्या शर्यती घेत असे. सर्वांचे इंजिन एकच, पैसा थोडा. म्हणजे जिंकायचे तर डोके लढवायला हवे. १९५१ च्या हंगामात चॅपमनच्या मार्क तीनने इतरांना पार मागे टाकले. ऑस्टिनच्या इंजिनात दोन-दोन सिलिंडरांना मिश्रण जाण्याची वाट एकच असे, त्यामुळे एक सिलिंडर दुसऱ्याच्या तोंडचा घास पळवी. चॅपमनने त्या वाटेत पातळ आडभिंत घालून वाटण्या केल्या. नियमांत हे करू नये असे कोठे लिहिलेले नव्हते. पुढे क्लबाने नियमच बदलून ही युक्ती बंद केली. नियम वाचायचा तो काय करू नये हे कळण्यासाठी नव्हे, तर काय लिहायचे राहून गेले हे शोधण्यासाठी, ही त्याची खोड तेव्हापासूनची. तिने त्याला मोठे केले, आणि शेवटी तिनेच त्याच्या नावाला डाग लावला.

१ जानेवारी १९५२ रोजी त्याने मायकेल ॲलन या मित्रासह लोटस इंजिनिअरिंग सुरू केले. जागा कोणती, तर वडिलांच्या हॉटेलामागचे जुने तबेले. भांडवल कोणाचे, तर हेझलने दिलेले २५ पौंड. आपल्याकडे अशा वेळी बायकोच्या पाटल्या गहाण पडतात. येथे तर लग्नही झालेले नव्हते. ते १९५४ मध्ये झाले. चॅपमन दिवसा नोकरी करी आणि संध्याकाळी तबेल्यात येई.

या तबेल्यातून बाहेर पडलेली पहिली महत्त्वाची गाडी म्हणजे मार्क सहा. तिची चासी म्हणजे दोन जाड तुळया नव्हत्या. बारीक पोलादी नळ्या त्रिकोणात जोडून केलेला तो पिंजरा होता. रेल्वेचा लोखंडी पूल आठवा. त्यातला प्रत्येक दांडा एकतर दाबला जातो किंवा ताणला जातो. वाकवला जात नाही. बारीक दांडा वाकवायला सोपा, पण लांबीच्या दिशेने ओढून तोडायला कठीण. म्हणून थोड्या लोखंडात मोठी ताकद मिळते. पुलाचे हे शास्त्र कॉलेजात शिकलेला विद्यार्थी ते मोटारीत घेऊन आला. आणि ही गाडी त्याने सुट्या भागांत विकायला काढली. गिऱ्हाईकाने पिंजरा आणि पत्रे न्यायचे, जुन्या फोर्डचे इंजिन, गिअरपेटी वगैरे आपापले मिळवायचे आणि घरी गाडी जोडायची. अशा मोटारीला किट कार म्हणतात. सुमारे शंभर मार्क सहा अशा विकल्या गेल्या.

किट कार का खपली, याचे कारण वाणिज्याच्या विद्यार्थ्याला चटकन कळेल. इंग्लंडमध्ये त्या वेळी नव्या मोटारीवर खरेदी कर होता आणि तो जबर होता. पूर्ण मोटार घेतली तर कर. सुटे भाग घेतले तर नाही. सुट्या भागांबरोबर जोडणीच्या सूचना देता येत नसत, कारण मग ती पूर्ण मोटारच मानली जाई. यावर चॅपमनने काढलेल्या तोडग्याची कथा प्रसिद्ध आहे : त्याने जोडणीच्या नव्हे, तर गाडी सुटी करण्याच्या सूचना द्यायला सुरुवात केली. गिऱ्हाईकाने त्या शेवटून पहिल्याकडे वाचायच्या!

१९५७ मध्ये लोटस सेव्हन आली. माझ्या वादाला खरा पुरावा मिळतो तो येथे. सेव्हनला दारे नव्हती, धड छप्पर नव्हते, शोभेची एक वस्तू नव्हती. सुरुवातीच्या गाडीचे फोर्ड इंजिन ११७२ सी.सी.चे, ताकद सुमारे ४० अश्वशक्ती. आज रस्त्यावरच्या सामान्य लहान मोटारीचीही ताकद याहून अधिक असते. पण सगळ्या गाडीचे वजन ५०० किलोच्या आसपास. पुढे १९६२ मध्ये आलेल्या सुपर सेव्हनमध्ये कॉसवर्थने तयार केलेले १५०० सी.सी.चे, ९५ अश्वशक्तीचे इंजिन होते. आता त्रैराशिक मांडू. ५०० किलोला ९५, म्हणजे टनाला १९० अश्वशक्ती. आमच्या जीपसारख्या १२०० किलोच्या गाडीला हेच प्रमाण हवे असेल, तर २२८ अश्वशक्तीचे इंजिन लागेल. ते इंजिन स्वतःच जड, त्याला जड गिअरपेटी, मोठा रेडिएटर, जास्त पेट्रोल. म्हणजे गाडी १२०० किलोची राहणारच नाही. कर्ज फेडण्यासाठी कर्ज काढण्यासारखाच हा व्यवहार.

आणि हे झाले फक्त सरळ वाटेचे. वळणाचा हिशेब वेगळाच आहे. सरांनी तो मला वर्गाच्या फळ्यावर करून दाखवला. वळणावर गाडी बाहेर फेकली जाऊ नये म्हणून टायरने जमिनीला धरून ठेवायचे असते. चांगल्या टायरची पकड गाडीच्या वजनाइतकी धरली आणि वळणाची त्रिज्या २० मीटर असली, तर त्या वळणावरून जास्तीत जास्त ताशी ५० किलोमीटर वेगाने जाता येते. या सूत्रात अश्वशक्तीला जागाच नाही. इंजिन ४० चे असो की ४०० चे, वळणावर वेग तोच. उलट जड गाडीचे नुकसान होते, कारण टायरवरचा भार दुप्पट झाला म्हणून पकड पुरती दुप्पट होत नाही, थोडी कमीच पडते. त्यातून मोठे इंजिन नाकात बसवले की भार पुढच्या चाकांवर येतो, आणि तीच तर गाडी वळवणारी चाके. माळावर आमची जीप का वळली नाही, ते मला फळ्यासमोर उभा असताना कळले. ब्रेकचेही तसेच. ताशी १०० किलोमीटरवरून थांबताना १२०० किलोच्या गाडीचे ब्रेक ५०० किलोच्या गाडीपेक्षा जवळजवळ अडीचपट तापतात.

ऑटोक्रॉस म्हणजे नेमका वळणांचाच खेळ. इंग्लंडमध्ये तो गवताच्या किंवा मातीच्या मैदानावर चालतो. अमेरिकेत मोठ्या पटांगणावर शंकू मांडून, एकेक गाडी सोडून वेळ मोजतात. शंकू पडला की वेळेत सेकंदांची भर पडते. सरळ वाट इतकी आखूड की मोठे इंजिन फुलायच्या आत पुढचे वळण येते. अशा ठिकाणी सेव्हनसारखी हलकी किट कार म्हणजे घरचे मैदान. पक्क्या शर्यतमार्गावर मात्र लांब सरळ वाटा असतात, तेथे अश्वशक्ती कामाला येते. आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर तेथे सेव्हनचे उणेही दिसते. उघडी चाके आणि उभी काच यांमुळे ती हवेला फार अडते. मोठ्या वेगात तिची ताकद वारा कापण्यातच जाते.

उलट वाटेने गेलेल्या माणसाचे उदाहरण अमेरिकेत सापडते. कॅरोल शेल्बी याने १९६२ मध्ये एसी या इंग्रज कंपनीच्या हलक्या गाडीत फोर्डचे आठ सिलिंडरांचे इंजिन घालून कोब्रा बनवली. पुढे त्याला सात लिटरचे इंजिन घालावेसे वाटले. १९६४ मध्ये जुन्याच चासीत ते घालून पाहिले, तर गाडी हाताबाहेर जाऊ लागली. तेव्हा जाड नळ्यांची नवी चासी केली, जुने पाटे काढून स्प्रिंगा बसवल्या, टायर रुंद केले, आणि मग १९६५ मध्ये ४२७ कोब्रा बाहेर पडली. या गाडीच्या नकला आज अमेरिकेत किट कार म्हणून फार लोकप्रिय आहेत. आमच्या दादाने शेल्बीचा अर्धाच धडा घेतला होता : इंजिन घेतले, चासी घ्यायची राहिली.

चॅपमनचा पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो, कारण तो शर्यतींच्या इतिहासात सर्वत्र लिहिलेला आहे. १९५७ ची एलिट ही अंग आणि चासी दोन्ही फायबरग्लासची असलेली गाडी. दिसायला देखणी, पण कंपनीच्या ताळेबंदाला जड. १९६२ ची एलान मात्र चांगली खपली. त्याच वर्षी त्याने फॉर्म्युला वनसाठी लोटस २५ बनवली. तिच्यात नळ्यांचा पिंजराही नव्हता. पत्र्याचे अंगच सगळा भार पेली, विमानासारखे. या गाडीत जिम क्लार्क या स्कॉटिश चालकाने १९६३ मध्ये दहांपैकी सात शर्यती जिंकून जगज्जेतेपद मिळवले. १९६५ मध्ये तो पुन्हा जगज्जेता झाला आणि त्याच वर्षी अमेरिकेत इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यतही त्याने लोटसमधून जिंकली. १९६६ मध्ये कारखाना नॉरफोक परगण्यातल्या हेथेल येथील युद्धकाळच्या विमानतळावर गेला. १९६७ च्या लोटस ४९ मध्ये इंजिन हेच चासीचा मागचा भाग झाले. मागची चाके थेट त्यालाच जोडली होती. एका वस्तूकडून दोन कामे करून घ्यायची आणि दुसरी वस्तू काढून टाकायची, ही त्याची पद्धत. १९७८ च्या लोटस ७९ ने तर हवेलाच कामाला लावले. गाडीच्या पोटाखालून हवा अशी खेळवली की गाडी जमिनीला खाली ओढली जाई आणि वळणावरची पकड वजन न वाढवता वाढे. त्याच्या हयातीत लोटसच्या चालकांनी सहा वेळा आणि लोटसने गाडी-बांधणारा म्हणून सात वेळा जगज्जेतेपद पटकावले.

येथे लेख संपवता आला असता, तर दादासमोर ठेवायला बरे झाले असते. पण या वहीची दुसरी बाजू लिहिली नाही, तर ती खोटी वही होईल.

हलकेपणाला सीमा कोठे? या प्रश्नाचे उत्तर चॅपमनच्या गाड्यांत बसणाऱ्यांनी दिले. १९६० च्या जूनमध्ये बेल्जियममधल्या स्पा येथे सरावाच्या वेळी स्टर्लिंग मॉसच्या लोटसचे चाक निघाले आणि त्याचे पाय मोडले. त्याच दिवशी माइक टेलरच्या लोटसचे स्टिअरिंग तुटले. तो जबर जखमी झाला आणि पुढे त्याने कंपनीवर दावा लावून तो जिंकला. १९६८ च्या एप्रिलमध्ये जर्मनीत हॉकेनहाइम येथे जिम क्लार्क गेला. १९६९ मध्ये बार्सिलोनाच्या शर्यतीत लोटसच्या दोन्ही गाड्यांचे उंच पंख मोडले आणि दोन्ही एकाच ठिकाणी आदळल्या. त्यांतला एक चालक होता योखेन रिंट. या अपघातानंतर त्याने चॅपमनला पत्र लिहून कळवले की, गाडी थोडी जड झाली तरी चालेल, पण भाग भक्कम करा. माझा या गाडीवर विश्वास राहिला पाहिजे.

५ सप्टेंबर १९७० रोजी इटलीत मोंझा येथे सराव चालू होता. मोंझाच्या वाटा लांब आणि सरळ. तेथे वेग वाढावा म्हणून रिंटच्या लोटस ७२ चे पंख काढलेले होते. ब्रेक लावताना पुढच्या उजव्या ब्रेकचा दांडा तुटला. गाडी कठड्यावर गेली, आणि तो कठडाही नीट बसवलेला नव्हता. रिंट गेला. त्याचे गुण इतके झाले होते की हंगामाच्या शेवटपर्यंत कोणी त्याला गाठू शकले नाही. मृत्यूनंतर जगज्जेता ठरलेला तो एकमेव चालक आहे. एका दांड्यात दोनचारशे ग्रॅम वाचवले तर शर्यतीत किती निमिषे मिळतात, हा हिशेब चॅपमनला येत होता. तो दांडा तुटला तर कोणाची बायको विधवा होते, याला त्या वहीत रकाना नव्हता. हे मी त्याला कमी लेखण्यासाठी लिहीत नाही. तो प्रत्येक मृत्यूने खचे, क्लार्क गेल्यावर तर फारच. पण पुढची गाडी पुन्हा हलकीच निघे.

दुसरा डाग पैशाचा. जॉन डीलोरियन या अमेरिकन कारखानदाराने उत्तर आयर्लंडमध्ये सरकारी पैशाच्या मदतीने मोटारीचा कारखाना काढला आणि गाडी विकसित करण्याचे काम १९७८ मध्ये लोटसकडे दिले. त्या कामाचे सुमारे १ कोटी ७६ लाख डॉलर पनामात नोंदवलेल्या एका कंपनीमार्फत फिरले आणि मध्येच नाहीसे झाले. चौकशी चालू असतानाच १६ डिसेंबर १९८२ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने चॅपमन वारला. वय अवघे ५४. दहा वर्षांनी, १९९२ मध्ये, लोटसचा जुना अर्थप्रमुख फ्रेड बुशेल याने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. चॅपमन जिवंत असता तर त्याला किमान दहा वर्षे मिळाली असती, असे न्यायाधीशांनी बोलून दाखवले. सूचना उलट्या वाचायला लावून कर वाचवणारा माणूस आणि हा माणूस यांत अंतर किती, याचा मी पुष्कळ विचार केला. पहिल्या गोष्टीत कायद्याने जे मोकळे ठेवले होते ते त्याने वापरले. दुसऱ्या गोष्टीत दुसऱ्याचा पैसा होता. आम्हांला अंकेक्षणाच्या तासाला हाच फरक शिकवतात. पण चॅपमनचे आयुष्य वाचेपर्यंत तो मला पुस्तकी वाटत होता.

त्याच्या मागे काय उरले? १९७३ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडात खरेदी कर जाऊन मूल्यवर्धित कर आला, किट कारची सवलत संपली, आणि त्याच वर्षी सेव्हन बनवण्याचे हक्क कॅटरहॅम या कंपनीने घेतले. गंमत अशी की सवलत गेली तरी गाडी टिकली. कॅटरहॅम सेव्हन आजही बनते आणि आजही सुट्या भागांत मिळते. २०२१ मध्ये आणलेल्या तिच्या एका प्रकारात सुझुकीचे ६६० सी.सी.चे, ८४ अश्वशक्तीचे इंजिन आहे आणि वजन सुमारे ४४० किलो. दुसऱ्या टोकाला ३१० अश्वशक्तीचाही प्रकार निघाला. तो लांब शर्यतमार्गावर आणि मुरलेल्या हातात शोभतो. शंकूंच्या मैदानावर मात्र नवख्याने पहिलीच घ्यावी. अश्वशक्ती वाईट नव्हे. ती शेवटी वाढवायची गोष्ट आहे. चासी, टायर, ब्रेक आणि हाकणाऱ्याचा हात तयार झाल्यावर.

गेल्या महिन्यात मी हे सारे दादाला सांगितले. फळ्यावरचे गणित वहीच्या मागच्या पानावर करून दाखवले. तो बराच वेळ गप्प बसला, मोडलेले मनगट दुसऱ्या हाताने चोळत. मग त्याने विचारले की चारशे किलोंत गाडी बसवायची असेल, तर काय काय काढता येईल. मी त्याला रिंटची गोष्ट सांगितली. त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून ठरवले : इंजिन लहानच राहील, पहिला पैसा टायर आणि ब्रेक यांना, आणि डोक्यावरचा संरक्षक पिंजरा, पट्टे व स्टिअरिंगचे सांधे यांतून एक ग्रॅमही कमी करायचा नाही. पतपेढीचे कर्ज आधी फेडायचे आणि मग गाडी उभी करायची, ही अट काकूंची. तीही मान्य झाली.

आता माझ्या वहीत रुपयांच्या रकान्याशेजारी किलोंचा एक रकाना आहे. जेथे वजन कमी करायचे नाही, अशा वस्तूंपुढे मी तांबड्या शाईने फुली करतो. आजवर अशा अकरा फुल्या झाल्या आहेत. चॅपमनसारखी बुद्धी आम्हांला नाही, हे आम्ही जाणून आहोत. पण त्याने न ठेवलेला एक रकाना आम्हांला ठेवता येईल, एवढे त्याच्या चरित्राने मला शिकवले. या पावसाळ्यानंतर माळावर गाडी उतरेल. मित्रहो, पाहायला जरूर या. आवाज मात्र फारसा ऐकू येणार नाही.